पंचांचं एकमत

५ ऑक्टोबर

माझी खोली इस्त्रीच्या दुकानावर आहे. खाली दिवसभर इस्त्र्या चालतात, त्यामुळे फरशी कोमट असते. घरमालकीण म्हणाल्या, "थंडीत तुम्हाला हीटर लागायचा नाही, बघा." उन्हाळ्याचं काही बोलल्या नाहीत. मीही विचारलं नाही. उन्हाळ्यात मी इथे असेन की नाही, ते स्पर्धा झाल्यावर ठरणार आहे.

घरी फोन करून कामाचं नाव सांगितलं: पंच प्रशिक्षक. शाळेतली मुलं रोबोट बनवतात, त्यांची स्पर्धा होते, तिथल्या पंचांना तयार करायचं. आई म्हणाली, "बरं बरं." बाबा म्हणाले, "तू करतेस म्हणजे चांगलंच असणार." वहिनीने फोन ओढून घेतला. "म्हणजे वन्सं, यंत्रं भांडणार आणि तुम्ही सोडवणार? पगार यंत्रं देणार का?" खूप हसलो. फोन ठेवल्यावर खोली एकदम मोठी झाल्यासारखी वाटली.

६ ऑक्टोबर

स्पर्धेचं कार्यालय क्रीडागृहाच्या बसायच्या पायऱ्यांखाली आहे. छत तिरकं. उंच माणूस आत आला की दर दोन पावलांनी आणखी वाकतो आणि शेवटी टेबलाशी येईपर्यंत नमस्कार केल्यासारखा दिसतो.

सचिवांनी सगळं स्पष्ट सांगितलं. गेल्या वर्षी एकाच वेळी दोन मैदानांवर एकच चूक झाली. एका मैदानावर पंचांनी दंड दिला, शेजारच्या मैदानावर दिला नाही. दंड झालेल्या मुलींनी आपला रोबोट उचलला आणि चालत्या झाल्या. त्यांच्यामागे आणखी दोन शाळा गेल्या. यंदा त्या शाळा परत आल्या आहेत, पण एका अटीवर: पंच एका सुरात बोलले पाहिजेत.

"पंचाण्णव टक्के एकमत," सचिव म्हणाले. "मला हा आकडा डिसेंबरात द्या. पुढच्या वर्षाचं मग बोलू."

मला आकडा महत्त्वाचा वाटत नाही. मला त्या मुली महत्त्वाच्या वाटतात. सहा महिने खपून काही बनवायचं आणि समोरच्या माणसाची उभं राहायची जागा वेगळी म्हणून हरायचं, हे मला सहन होत नाही. माझ्या परीक्षेत कोणी असं केलं असतं तर आमच्या घरात आजही कोणी पदवीधर नसतं.

७ ऑक्टोबर

आज पंच भेटले. डझनभर आहेत, सगळे हौसेने येणारे. तिघं लगेच लक्षात राहिले.

एक शिट्टी सर. व्हॉलीबॉल शिकवून निवृत्त झाले. आमच्या खेळात शिट्टी वापरत नाहीत, तरी त्यांच्या गळ्यात असते. दुसरे चष्मेवाले. बाजारात चष्म्यांचं दुकान आहे आणि जो तो त्यांना तोच विनोद ऐकवतो: "तुम्हाला दिसलं नाही तर दुकान बंद करा." ते प्रत्येक वेळी नव्याने हसतात. तिसऱ्या डॉक्टरबाई, दातांच्या. खुर्ची ओढून सगळ्यांत पुढे बसल्या.

वाद सगळा एका नियमावरून आहे. मैदान म्हणजे कडेने बुटक्या भिंती असलेली लाकडी पाटी. रोबोटांनी तिथले ठोकळे आपल्या कोपऱ्यात न्यायचे, ज्याचे जास्त तो जिंकला. एका रोबोटने दुसऱ्याला भिंतीशी दाबून धरलं की पंच हाताने पाच मोजतो. तेवढ्यात सोडलं नाही तर फाऊल. पण दाबला गेलेला रोबोट सुटायची धडपड करत असेल, म्हणजे त्याची चाकं फिरत असतील, तरच. तो आपणहूनच बंद पडला असेल तर फाऊल नाही.

मी गेल्या वर्षीची एक चित्रफीत पडद्यावर लावली. "फाऊल वाटतो त्यांनी हात वर करा." निम्मे हात वर. निम्मे मांडीवर. एकच चित्रफीत, एकच खोली!

शिट्टी सर म्हणाले, "मॅडम, आता आमचीही मॅच लावा."

१२ ऑक्टोबर

डॉक्टरबाईंनी जेवायला बोलावलं. सहा खुर्च्यांचं टेबल, त्यातल्या एकाच खुर्चीची गादी बसलेली. मी दुसरीवर बसले. जेवण संपायच्या आत आमचं जुंपलं.

"तिसऱ्या चित्रफितीत चाकं फिरत होती, हे तुम्हाला कुठून दिसलं?"

"दिसतंच की."

"मला नाही दिसलं. समोरच्या रोबोटने झाकली होती. जे दिसलं नाही त्याला मी हात वर करत नाही. दातसुद्धा असा काढत नाही मी."

"पण नियमाचा हेतू बघितला तर..."

"हेतू तुम्ही बघा. मी चाकं बघते."

बाई हट्टी आहेत. निघताना डबा भरून दिला आणि जिन्यावरून ओरडल्या, "पुढच्या रविवारी या. तोवर विचार करा." इथे आल्यापासून माझ्याशी कोणी भांडलं ते पहिल्यांदाच. परत येताना मी मनातल्या मनात त्यांना उत्तरं देत होते. खोली कधी आली कळलं नाही.

२१ ऑक्टोबर

माझी पद्धत बसते आहे. चित्रफीत चालू असताना पंचांचं लक्ष भरकटतं, म्हणून आता मी रिमोट हातात घेऊन पडद्याशेजारी उभी राहते आणि नेमक्या क्षणी थांबवते. फाऊल नसेल तिथे शेवटपर्यंत चालू देते. मग हात वर.

फरक ताबडतोब पडला. शिट्टी सर म्हणाले, "आता कसं सोपं झालं, मॅडम. हे पहिल्यापासून करायला हवं होतं." पूर्वी सगळे पडद्याकडे डोळे ताणून बसायचे, कपाळाला आठ्या. आता निवांत असतात. मधून माझ्याकडे बघून हसतात. मला वाटतं त्यांचा माझ्यावर विश्वास बसला.

डॉक्टरबाई मात्र तशाच. हनुवटीखाली हात, नजर पडद्यावर. मी शेजारी उभी आहे हे त्यांच्या गावीही नसतं.

दादाचा फोन आला होता. रंगांच्या मोठ्या दुकानात कोठार सांभाळायची नोकरी मिळते आहे. बाबांबरोबर घरं रंगवायला जातो ते सोडून ही घेऊ का, असं विचारत होता. मी म्हटलं, घे. शिडीवर चढायचं नाही, ठरलेली वेळ, रविवारी सुट्टी. तो म्हणाला, "तू म्हणतेस तर घेतो." मी आईचंही मत विचारलं. "मला काय कळतं? तू शिकलेली, तूच सांग." सगळ्यांना पटलं. हल्ली आमच्या घरात वाद म्हणून होत नाही.

३ नोव्हेंबर

डॉक्टरबाईंमुळे आकडा अडकला आहे. सगळे हात वर, त्यांचा खाली. सगळे खाली, त्यांचा वर. आज मी जरा कडक आवाजात विचारलं, "बाई, अकरा जणांना दिसतं ते तुम्हाला का दिसत नाही?"

त्या मागे वळल्या, अकरा जणांकडे एकेक करून बघितलं आणि म्हणाल्या, "तेच मला विचारायचं होतं."

चष्मेवाले आपला चष्मा पुसायला लागले.

संध्याकाळी सचिवांना सांगितलं. ते म्हणाले, "किडका दात काढायचा. त्याच सांगतील तुम्हाला."

विनोद मला आवडला नाही. पण विचार करता त्यात तथ्य आहे. पद्धत एका माणसापेक्षा मोठी असते. मी डॉक्टरबाईंना स्पर्धेच्या दिवशी रोबोटची लांबी-रुंदी तपासायच्या टेबलावर घ्यायचं ठरवलं. तेही काम महत्त्वाचंच आहे. फोनवर तसं सांगितलं.

"ठीक," त्या म्हणाल्या. पुढे काहीतरी म्हणतील म्हणून मी थांबले. त्यांनीही फोन ठेवला नव्हता. मग ठेवला.

९ नोव्हेंबर

रविवार. अंडी, पाव.

१८ नोव्हेंबर

शहाण्णव टक्के! सचिवांनी तिरक्या छताखाली उभं राहून माझ्याशी हात मिळवला आणि डोकं आपटून घेतलं. शाळांना पाठवायच्या माहितीपत्रकात ते छापणार आहेत: "आमचे पंच एकमताने निर्णय देतात."

सुंठेवाचून खोकला गेला, असंही म्हणाले. डॉक्टरबाईंबद्दल.

वर्ग संपल्यावर पंच बाहेर चहाला थांबले होते. मी गेले तर बोलणं थांबलं. सगळे सरकून जागा करायला लागले, "या मॅडम, बसा मॅडम." मी म्हटलं, काम आहे. काम नव्हतं. शाळांच्या शिक्षकांबरोबर आम्ही चहा प्यायचा नाही, हा नियम मीच केला आहे. पंचांबरोबर प्यायला बंदी नाही, पण तिथे बसले असते तर सगळे गप्प राहिले असते, आणि त्यांचा चहा गार झाला असता.

घरी आनंद. आईने शेजारी सांगितलं. दादाशी बोलले, आवाज बसलेला वाटला. दुकानात एसी असेल. रविवारीही कोठार उघडावं लागतं म्हणाला, पण मजेत आहे. वहिनीने आज एकही टोमणा मारला नाही. दमली असेल.

६ डिसेंबर

आज सराव स्पर्धा होती. एका शाळेच्या सभागृहात दोन मैदानं, खरे रोबोट, खरी मुलं. मी मुद्दाम कुठल्याच मैदानावर नव्हते. मागे खांबाजवळ उभी होते.

पहिलाच फाऊल. चष्मेवाल्यांनी पाच मोजले आणि हातातलं फाऊलचं निशाण अर्धं उचलून थांबले. मान वळवली. समोरचे पंचही थांबले, त्यांनीही मान वळवली. आधी मला कळेचना काय शोधताहेत. मग त्यांची नजर माझ्यावर येऊन टेकली. मी खांबाआड सरकले. निशाण कोणी वर केलं, कोणी खाली. दुसऱ्या मैदानावर तेच. दुपारपर्यंत मुलं पंचांना हसायला लागली. एका शिक्षिकेने मोठ्याने विचारलं, "एकमत म्हणतात ते हेच का?"

गेल्या वर्षी रोबोट उचलून गेलेल्या मुलीही होत्या. त्यांची कप्तान लाल टोपी घालते. ती हसली नाही. नुसती पंचांच्या तोंडाकडे बघत होती, जसं कोणी फळ्यावरचं अवघड गणित बघतं.

पंच घाबरले असणार. आत्मविश्वास कमी पडला. वर्ग वाढवायला हवेत.

७ डिसेंबर

वर्ग वाढवायला नकोत.

शिट्टी सरांकडे गेले होते. ते अंगणात जुन्या जाळीच्या गाठी सोडवत होते. मी विचारलं, "सर, काल काय झालं? वर्गात तर इतकं छान येत होतं."

"वर्गात तुम्ही असता."

"म्हणजे?"

"म्हणजे काय, मॅडम. तुम्ही जरा पुढे वाकलात आणि बटणावर अंगठा गेला की फाऊल. मागे रेललात की नाही." अगदी सहज सांगितलं, जसं कोणी बस कुठे थांबते ते सांगतं. "काल तुम्ही खांबामागे. कुणाला काय कळणार?"

मी जाळीवरच बसले.

"तुम्हा सगळ्यांना हे माहीत होतं?"

"आम्हाला वाटलं हीच पद्धत आहे. व्हॉलीबॉलात रेषेवरचा पंच निशाण उचलायच्या आधी मोठ्या पंचाकडे बघतोच. मैदानावर आपसांत फाटू द्यायचं नाही. घरातलं भांडण घरात. आपलेच दात, आपलेच ओठ." मग जाळी सोडून माझ्याकडे बघितलं. "आणि खरं सांगू का पोरी, तुझ्या नोकरीचं आकड्यावर आहे, हे सचिव बोलून गेले होते. घरापासून लांब एकटी राहतेस. आम्ही म्हटलं, हात वर करायला काय जातंय आपलं."

म्हणजे शहाण्णव टक्के दया होती.

त्यांना वाईट वाटेल म्हणून रडले नाही. रस्त्यावर आल्यावर रडू येईना. एवढी माणसं माझ्याशी इतकी चांगली वागली, आणि त्यातल्या एकाशीही माझं खरं बोलणं झालं नव्हतं.

८ डिसेंबर

दादाला फोन केला. विचारलं, "मी सांगितलं ते तुला पटलं होतं का? नोकरीचं?"

"तू शिकलेली..."

"दादा, पटलं होतं का?"

तेवढ्यात वहिनीने फोन घेतला. "मी सांगते वन्सं. नव्हतं पटलं. त्या कोठारात खिडकी नाही. घरी येऊन भिंतीकडे बघत बसतात, आमची भिंत आधीच रंगवलेली आहे. तुमच्यापुढे बोलायची कोणाची छाती होत नाही, माझी होती पण मला गप्प बसवलं."

मी म्हटलं, सोडून दे म्हणावं. वहिनी म्हणाली, "बघा, परत तुम्हीच ठरवलंत."

१० डिसेंबर

डॉक्टरबाईंच्या दवाखान्यात गेले. बाहेरची खोली भरलेली, बसायला जागा नाही. शेवटी त्यांनी मला आतल्या मोठ्या खुर्चीतच बसवलं. "आलाच आहात तर आ करा." त्यामुळे मी जे बोलायचं ठरवून आले होते ते बोलता येईना, आणि त्यांना बोलता येत होतं.

"मी रागावले होते. अजून आहे. तोंड मिटू नका. मला काढलंत त्याचा नाही, टेबलावर मोजमापं घ्यायला मला कमीपणा वाटत नाही. तुम्ही फोनवर कारणच दिलं नाहीत. भांडायची संधी नाही दिलीत. डावीकडे बघा."

"आँ."

"आणि मी बरोबर होते असंही नाही. तिसऱ्या चित्रफितीचं मला आजही माहीत नाही. चाकं फिरत असतीलही. कॅमेरा एका बाजूला होता, आपण सगळे त्याच बाजूने बघत होतो. चूळ भरा."

चूळ भरून मी म्हटलं, "माझं चुकलं. परत या."

"भांडायला मिळेल?"

"मिळेल."

"उजवीकडची दाढ किडायला लागली आहे," त्या म्हणाल्या. "हेही तुम्हाला इथे कोणी सांगितलं नसतं."

१४ डिसेंबर

पडदा गुंडाळून ठेवला. रिमोट कपाटात. क्रीडागृहात खरं मैदान मांडलं, दोन जुने रोबोट घेतले, एकाने दुसऱ्याला भिंतीशी दाबून धरलं. डॉक्टरबाई एका बाजूला, मी समोर, दोघी पोटावर पालथ्या.

"फिरताहेत," मी म्हटलं.

"थांबलेली आहेत."

"अहो फिरताहेत!"

"अहो काय! या इकडे."

मी त्यांच्या जागी गेले. तिथून चाक थांबलेलं होतं. त्या माझ्या जागी गेल्या. तिथून फिरत होतं. एकाच रोबोटची एका बाजूची चाकं अडकली होती आणि दुसऱ्या बाजूची फिरत होती. दोघीही खरं सांगत होतो. गेल्या वर्षीचे पंचही कदाचित खरंच सांगत होते.

शिट्टी सर उभ्याउभ्या म्हणाले, "आणि मधे उभा असेल त्याला काहीच दिसत नाही, हे कोण लिहिणार?"

म्हणून तेही घेतलं. आता दर मैदानावर तीन बाजूंना तीन पंच, आणि खुणा तीन. निशाण वर म्हणजे फाऊल. खाली म्हणजे नाही. छातीवर हातांची फुली म्हणजे मला दिसलं नाही. दोघांना स्पष्ट दिसलं तरच दंड. आणि पाच मोजून झाले की तिघांनी एकमेकांकडे पाठ करायची आणि मग खूण करायची. कोणी कोणाचं बघायचं नाही. माझं तर नाहीच.

पहिल्यांदा पाठ केल्यावर चष्मेवाले म्हणाले, "मॅडम, फार एकटं वाटतं हो असं."

मी म्हटलं, "हो."

२२ डिसेंबर

नव्या पद्धतीत तिघांच्याही खुणा जुळतात असं दहात सातदा होतं. सचिवांनी कागद दोनदा वाचला.

"दिसलं नाही म्हणणारा पंच? शाळा काय म्हणतील? शहाण्णव टक्के छापून झालं आहे."

"ते खरं नव्हतं."

"ते छापलेलं आहे."

मी सांगितलं की पत्रक बदलावं लागेल. ते म्हणाले, पत्रक बदलणार नाही. पद्धत हवी तर बदला, मैदानावर गोंधळ झाला नाही म्हणजे झालं. निघताना म्हणाले, "तुम्ही हुशार आहात. पण हुशार माणसाला कुठे थांबायचं तेही कळायला हवं."

३१ डिसेंबर

दादाने नोकरी सोडली, असं वहिनीकडून कळलं. त्याने मला विचारलं नाही. चांगलं झालं. दिवसभर त्याच्या फोनची वाट बघितली.

११ जानेवारी

स्पर्धा झाली.

सकाळ चांगली गेली. फुल्या खूप पडल्या. पहिल्या फुलीला प्रेक्षक हसले, नंतर सवय झाली. एका मुलाने तर शिट्टी सरांना विचारलं, "तुम्हाला कुठून दिसलं असतं?" आणि पुढच्या सामन्यात सर तिथे उभे राहिले.

अंतिम सामन्यात लाल टोपीच्या मुली होत्या. समोर ज्यांचा संघ होता त्या शाळेत चष्मेवाल्यांची पुतणी शिकते, म्हणून ते आपणहून बाजूला झाले. त्यांच्या जागी मी उभी राहिले. दुसऱ्या बाजूला डॉक्टरबाई, टोकाला शिट्टी सर.

गुण बरोबरीत. शेवट जवळ आलेला. समोरच्या रोबोटने मुलींच्या रोबोटला माझ्या बाजूच्या भिंतीशी दाबलं. मी मोजायला लागले. मला चाकं दिसत होती. फिरत होती. लाकडावर घासून त्यांचा काळा पट्टा उमटत होता, रबराचा वास येत होता. पाच झाले. दंड झाला असता तर मुली जिंकत होत्या.

आम्ही पाठ केली. मी निशाण वर धरलं. समोर नुसते प्रेक्षक होते, आणि त्यांच्या तोंडावरून मला काही कळेना. माझ्या पाठीमागे काय चाललं आहे ते सगळ्या सभागृहाला दिसत होतं, फक्त मला नाही.

मग वळलो. डॉक्टरबाईंचं निशाण खाली होतं. सरांच्या छातीवर फुली होती.

एक हो, एक नाही, एकाला दिसलं नाही. दंड नाही. खेळ पुढे चालू झाला आणि मुली एका ठोकळ्याने हरल्या.

डॉक्टरबाई नंतर म्हणाल्या, "माझ्या बाजूचं चाक गच्च होतं. शपथेवर सांगते." मला माहीत आहे. सर म्हणाले, "पाठ केल्यावर तुझ्याकडे बघावंसं फार वाटलं, पोरी." मला तेही माहीत आहे.

१३ जानेवारी

मुलींच्या शाळेने तक्रार केली. सचिवांनी बोलावलं. निकालाचा कागद तयार होता, फक्त माझी सही राहिली होती. लिहिलं होतं: "अंतिम सामन्यातील निर्णय पंचांनी एकमताने दिला."

मी म्हटलं, "एकमताने नव्हता."

"नियमाने होता ना? मग झालं. एक शब्द आहे. यावर शाळा गप्प बसेल आणि तुमची पद्धतही वाचेल. पुढच्या वर्षी तीच चालवा की. मीच तुमचं नाव सुचवतो."

मी तो शब्द खोडला आणि वर लिहिलं: एक हो, एक नाही, एकाला दिसलं नाही.

त्यांनी बघितलं. "हो कोणाचं होतं?"

"माझं."

"म्हणजे तुमच्या मते निकाल चुकला?"

"नाही. निकाल बरोबर आहे. मला मात्र तो फाऊलच दिसला."

राग नव्हता त्यांच्या चेहऱ्यावर. उलट मी आजारी असल्यासारखे बघत होते. "हे शाळेला तुम्हीच सांगा," म्हणाले. "पुढच्या वर्षाचं काय ते कळवतो." कळवणार नाहीत.

लाल टोपीवाली बाहेर पायऱ्यांवर बसली होती, तिच्या बाई आत फोनवर होत्या. आज टोपी हातात होती. मी तिच्यापासून दोन पायऱ्या खाली उभी राहिले आणि सगळं सांगितलं. कोणाला कुठून काय दिसलं, चाकं एका बाजूची कशी फिरत होती, दुसऱ्या बाजूची कशी अडकली होती, निशाण वर कोणाचं होतं.

तिने शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "तुम्हाला दिसलं होतं?"

"हो."

"आणि तरी आम्ही हरलो."

"हो."

"मग तुम्ही त्या दोघांना सांगितलं का नाही?"

"मी सांगितलं असतं तर त्यांनी ऐकलं असतं. म्हणूनच."

तिला हे पटलं नाही. मला दिसत होतं की पटलं नाही, आणि तिने ते लपवलंही नाही. "त्यापेक्षा तुम्हालाही दिसलं नसतं तर बरं झालं असतं," ती म्हणाली.

तिच्या बाई बाहेर आल्या, तिने टोपी घातली आणि दोघी खाली उतरून फाटकाकडे गेल्या. मी जागची हलले नाही. ती एकदा तरी वळून बघेल असं वाटत होतं, आणि वळली तर मी तिथे असायला हवं होतं.